बिननंबरी गाडी आणि पायी चालणारा

लातूरला काय किंवा नांदेडला काय, चार्जिंगची छोटी स्कूटर विकणाऱ्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी ऐकवतात ती तीन वाक्यं सारखीच असतात: लायसन्स नको, पासिंग नको, हेल्मेट नको. मुलाला किंवा मुलीला अकरावीपासून ट्यूशनला घातलेले आईवडील त्यात चौथं वाक्य स्वतःच घालतात: गाडी हळू चालते, म्हणजे काळजी नको.

हे चौथं वाक्य मला खोटं वाटतं, आणि पहिली तीन त्याच्याच आधारावर उभी आहेत. माझं म्हणणं असं की ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या गाड्यांना कायद्याने दिलेल्या सवलतीमुळे रस्त्यावरचा धोका घटलेला नाही. तो गाडी घेणाऱ्याकडून पायी चालणाऱ्याकडे सरकला आहे, आणि सरकताना सरकारी नोंदीतून पुसला गेला आहे. जिथे चालायला फुटपाथ नाही आणि गाडी चालवणारा पंधरा-सोळा वर्षांचा आहे, अशा शहरांत या सवलतीची किंमत सगळ्यात जड पडते. नांदेड आणि लातूर ही अशीच शहरं आहेत.

हा लेख विजेच्या गाड्यांविरुद्ध नाही. नोंदणी झालेल्या, हिरव्या नंबरप्लेटच्या स्कूटर रस्त्यावर वाढाव्यात असं मला वाटतं. प्रश्न त्यांच्या धाकट्या, बिननंबरी भावंडांचा आहे.

सवलत नेमकी काय आहे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम २(यू) सांगतो की मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत असेल, तर ती बॅटरीवरची दुचाकी ‘मोटार वाहन’ समजली जाणार नाही. बाकी सगळं या एका ओळीतून निघतं. मोटार वाहन नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून नंबर नाही. लायसन्स नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ खालचा तृतीय पक्ष विमा नाही, कलम १२९ ची हेल्मेटची सक्ती नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ, ज्यात अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे, तेही इथे लागू होत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या हातून झालेल्या अपघातानंतर हे कलम घरोघरी माहीत झालं. त्यातून सुटायची वाट दुकानदार दाखवतो आणि ती कायदेशीर आहे.

विजेच्या वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या फेम-२ योजनेतही ताशी ४० किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या दुचाकींना अनुदान नव्हतं. म्हणजे पर्यावरणाच्या हिशेबात सरकारने या गाड्यांना मदतीलायक मानलं नाही, आणि सुरक्षेच्या हिशेबात वाहनच मानलं नाही.

पायरी पहिली: सायकलशी केलेली बरोबरी

सवलतीमागचा विचार उघड आहे. इतकी हळू आणि हलकी गाडी म्हणजे सायकलच, आणि सायकलला कुठे लायसन्स लागतं? बरोबरी तोंडी पटते, हिशेबात टिकत नाही.

सायकल आणि तिच्यावरचा मुलगा मिळून ७० किलो धरू, वेग ताशी १५. त्या जोडीची गतिज ऊर्जा सुमारे ६०० ज्यूल भरते. आता साठ किलोची स्कूटर, पंचवीस-तीस किलोची लेड-ॲसिड बॅटरी, दोन मुलं आणि त्यांची दप्तरं धरा. दोनशे किलोच्या घरात वजन जातं. वेग कायद्यातलाच, २५. ऊर्जा होते सुमारे ४,८०० ज्यूल, म्हणजे सायकलच्या आठ पट. वेगाचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि वजनाचा सरळ. इथे दोन्ही एकदम वाढलेत.

थांबण्याचं अंतरही पाहावं. भानावर येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ च्या वेगाने गाडी तेवढ्यात दहा मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर पुढे थांबायला आणखी पाच मीटर लागतात. लातूरच्या गंजगोलाईत, जिथे सोळा रस्ते एका वर्तुळात येऊन मिळतात आणि माणसं भाजीच्या पाटीपासून कापडाच्या दुकानापर्यंत आडवीतिडवी चालतात, तिथे पंधरा मीटर मोकळे सापडतात तरी कुठे?

शिवाय विजेच्या मोटरचा स्वभाव वेगळा आहे. पेट्रोलची गाडी मूठ पिळल्यावर आधी घरघरते आणि मग उचल घेते. विजेची मोटर पहिल्या फिरकीपासूनच जोर लावते. शिकाऊ हाताने उभ्या गाडीची मूठ चुकून जरा जास्त पिळली, तर गाडी समोरच्या माणसावर जाते, आणि त्याला आधी काही ऐकू आलेलं नसतं.

पायरी दुसरी: पंचवीस हा आकडा रस्त्यावर टिकतो का

गाडीची चाचणी पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत होते, तिथे ती २५ च्या आत असते आणि तसं प्रमाणपत्र मिळतं. वेगाची ही मर्यादा गाडीच्या कंट्रोलरमध्ये बसवलेली असते, आणि जे बसवता येतं ते काढताही येतं. ही काही माझी शंका नव्हे. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ई-स्कूटरला आगी लागण्याचे प्रकार वाढले, तेव्हा राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने आरटीओंना अशा गाड्या तपासायला सांगितलं होतं. २५० वॅटच्या नावाखाली जास्त शक्तीच्या आणि जास्त वेगाच्या गाड्या विकल्या जातात, ही त्यामागची तक्रार होती.

वेग ४५ वर गेला की वरच्या हिशेबातली ऊर्जा तिपटीहून जास्त होते आणि थांबायला पंधराऐवजी चौतीस मीटर लागतात. कायद्याने पाहिलं तर ती गाडी त्या क्षणी मोटार वाहन होते: बिननोंदणीचं, बिनविम्याचं, बिनलायसन्सचं. पण हे ओळखायचं कुणी आणि कसं? आपली आजची सगळी वाहतूक-शिस्त नंबरप्लेटवर उभी आहे. चौकातला कॅमेरा नंबर वाचतो, पोलिसाच्या हातातलं ई-चलान यंत्र नंबर मागतं, वेग मोजणारी इंटरसेप्टर गाडीही शेवटी नंबरवरच दंड पाठवते. बिननंबरी गाडीपुढे ही सगळी यंत्रणा आंधळी आहे. नियमभंग पकडण्याचं साधन काढून घेऊन नियम तेवढा ठेवला, असा हा प्रकार झाला.

पायरी तिसरी: धडक बसल्यानंतर काय

माझ्या मते प्रश्नाचं मूळ इथे आहे, आणि याचीच चर्चा सगळ्यात कमी होते.

समजा, नांदेडच्या श्यामनगरमध्ये सकाळी दूध घेऊन परतणाऱ्या साठीच्या एका बाईंना दुचाकीची धडक बसली आणि मांडीचं हाड मोडलं. दुचाकी पेट्रोलची किंवा हिरव्या प्लेटची असेल तर त्यांच्यामागे कायद्याचं एक अख्खं घर उभं आहे. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये भरपाई आहे, आणि चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. त्याहून जास्त हवं असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे आणि पैसे भरायला विमा कंपनी आहे. गाडी पळून गेली तरी कलम १६१ खाली गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला दोन लाख मिळतात.

आता तीच धडक बिननंबरी स्कूटरची आहे असं समजा. वरची प्रत्येक तरतूद ‘मोटार वाहनाच्या वापरातून झालेला अपघात’ या शब्दांवर टेकलेली आहे. ही गाडी तर मोटार वाहन नाही. न्यायाधिकरणाचं दार बंद, विमा कंपनी मुळात नाहीच, आणि रोकडरहित उपचारांची योजनाही याच शब्दांपाशी अडते. उरतो दिवाणी न्यायालयातला नुकसानभरपाईचा दावा. तो जिंकला तरी वसुली समोरच्याच्या ऐपतीवर, आणि समोरचा बहुधा अकरावीतला मुलगा. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ कुठल्याही वाहनाला लागू होतं, तेव्हा बेदरकारीचा गुन्हा नोंदवता येईल. पण गुन्हा नोंदवल्याने शस्त्रक्रियेचं बिल भरलं जात नाही.

गाडीचा वेग वाढवलेला होता हे सिद्ध झालं तर मात्र ती मोटार वाहन ठरते आणि न्यायाधिकरणात जाता येतं. ते सिद्ध करायचं कुणी? हाड मोडलेल्या बाईंनी. म्हणून मी धोका सरकला असं म्हणतो. रस्ता दोघांचा असताना कायद्याने एकाला कागदपत्रातून मोकळं केलं आणि त्या मोकळीकीचं ओझं दुसऱ्याला उचलायला लावलं. त्या दुसऱ्याला कुणी विचारलंही नव्हतं.

यातूनच नोंद पुसली जाण्याचा मुद्दा येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात दुचाकीवरची ७४,८९७ आणि पायी चालणारी ३२,८२५. या पायी चालणाऱ्यांतले किती कमी वेगाच्या विजेच्या गाड्यांनी गेले? ‘वाहन’ या सरकारी संगणकप्रणालीत ज्या गाडीची नोंदच नाही, तिचा हिशेब अपघाताच्या नोंदीतून वेगळा काढायचा कसा? या गाड्यांचे अपघात कुठे दिसतात, असं विक्रेते विचारतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. ते दिसू नयेत अशीच मांडणी आहे.

पायरी चौथी: चालवणारा कोण

शिकवणीच्या ‘लातूर पॅटर्न’ने आणि पाठोपाठ नांदेडच्या क्लासेसनी या दोन शहरांची लोकसंख्या दरवर्षी नव्याने घडवली आहे. लातूरचा उद्योग भवनाजवळचा ट्यूशन एरिया, नांदेडचं श्यामनगर, भाग्यनगर, बाबानगर: इथे अहमदपूर, चाकूर, मुखेड, कंधारपासून राज्याच्या दुसऱ्या टोकापर्यंतची मुलं खोल्या करून राहतात. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास, रात्री अभ्यासिका. बॅच सुटली की शेकडो मुलं एकाच गल्लीत एकदम बाहेर येतात. त्या गर्दीत चालवणाराही मूल असतो आणि धडक खाणाराही बहुतेक वेळा मूलच.

कायद्यात सोळा वर्षांच्या मुलासाठी एक पायरी होती, अजूनही आहे. ५० सीसीपर्यंतची दुचाकी सोळाव्या वर्षी लायसन्स काढून चालवता येते. १९७२ मध्ये आलेली लूना ही त्या पायरीवरची खरी गाडी. मुलगा शिकाऊ परवाना काढायचा, चिन्हं पाठ करायचा, उजवीकडे वळताना हात कसा दाखवायचा हे त्याला विचारलं जायचं. पुढे ५० सीसीच्या गाड्याच बाजारातून गेल्या. पायरी कागदावर राहिली, तिच्यावरचं वाहन नाहीसं झालं. ती रिकामी जागा या स्कूटरने भरली, पण शिकाऊ परवाना, चाचणी, विमा यांतलं काहीच सोबत आलं नाही. सोळा वर्षांच्या मुलाला रस्त्याचे नियम शिकवण्याची एकमेव सरकारी संधी आपण अशी गमावली. विजेच्या गाडीने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान मला हेच वाटतं, आणि त्यात विजेचा काडीचाही दोष नाही.

दुसरा उथळ समज: सगळा दोष आवाज नसण्याचा

विजेच्या गाड्यांवर टीका करणारेही बहुतेक एकाच ठिकाणी बोट ठेवतात: ऐकू येत नाही. यात तथ्य आहे. ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७ च्या अपघातांच्या अभ्यासात तेवढ्याच अंतरामागे पेट्रोल-डिझेलच्या मोटारींपेक्षा विजेच्या आणि हायब्रिड मोटारींची धडक पादचाऱ्यांना दुप्पट बसल्याचं दिसलं, आणि शहरात हा फरक जास्त होता. युरोपात २०१९ पासून नव्या मॉडेलच्या अशा मोटारींना कमी वेगात कृत्रिम आवाज सक्तीचा आहे. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये तसा मसुदा निघाला, पण तो मोटारी, बस आणि ट्रकपुरता. दुचाकी त्यात नाहीत.

तरी स्कूटरला भोंगा बसवून प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. नांदेडच्या वजिराबादच्या भर बाजारात ऑटो, हॉर्न आणि जनरेटर यांच्या गोंगाटात पेट्रोलची गाडीही मागून आल्याचं कळत नाही. शांततेचा धोका आहे तो पहाटेच्या कॉलनीत, रात्रीच्या गल्लीत, कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आणि आवाजावरच रस्ता ओळखणाऱ्या अंध माणसाला. तिथे तो खरा आणि गंभीर आहे. पण तिथल्या पादचाऱ्याला कानावर का विसंबावं लागतं? तो वाहनांकडे पाठ करून डांबराच्या कडेने चालतो म्हणून. त्याला चालायला वेगळी जागा नाही म्हणून. शिवाय आवाज नसलेल्या गाडीचा चालक ती उणीव हॉर्नने भरून काढतो, आणि हॉर्न वाजला की बाजूला होण्याची जबाबदारी चालणाऱ्यावर पडते. कृत्रिम आवाजानेही हेच होईल.

आक्षेप

पेट्रोलच्या दुचाकी कितीतरी जास्त माणसं मारतात, मग या गरीब गाडीच्या मागे का लागायचं? पहिलं अर्ध वाक्य मला मान्य आहे. नांदेड-लातूर महामार्गावर जाणारे जीव या स्कूटरने जात नाहीत. पण पेट्रोलच्या गाडीखाली सापडलेल्याला दाद मागायला जागा आहे. मोठा धोका दाखवून लहान धोक्याची नोंदच ठेवायची नाही, हे उत्तर होत नाही. लहान असेल तर नोंदीतून लहान दिसेलच की.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. खेड्यातून आलेल्या मुलीला ही स्कूटर मोकळीक देते. रात्री साडेआठला क्लास सुटल्यावर ऑटोची वाट पाहत चौकात उभं राहण्यापेक्षा स्वतःची गाडी बरी. शहरातली सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी आहे, पेट्रोल महाग आहे, आणि बापाला लाखाची गाडी परवडत नाही. हे सगळं खरं आहे. म्हणूनच ही गाडी बंद करा असं मी म्हणत नाही. पण आज ती मुलगी स्वतःही बिनविम्याची आणि बहुधा बिनहेल्मेटची आहे. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दुचाकीवर मेले. डोकं रस्त्यावर आपटताना गाडी २५० वॅटची आहे की जास्त, याने काही फरक पडत नाही. सवलत तिच्या सोयीची म्हणून दिली आणि संरक्षण मात्र तिच्याकडूनही काढून घेतलं.

तिसरा आक्षेप कडवट अनुभवातून येतो: नोंदणी आली की आरटीओ आलं, एजंट आला, चिरीमिरी आली. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. ही भीती रास्त आहे, पण तिचं उत्तर नोंदणीच्या पद्धतीत शोधलं पाहिजे.

मधली पायरी

आपण दोनच खाने मानून बसलो आहोत: एक तर पूर्ण मोटार वाहन, नाहीतर काहीच नाही. जगात तिसरा खाना कधीच तयार झाला आहे. जर्मनीने जून २०१९ मध्ये ताशी २० किलोमीटरच्या छोट्या विजेच्या स्कूटरना परवानगी दिली. वय किमान चौदा, लायसन्स नाही, पण दरवर्षी नवा विमा-स्टिकर सक्तीचा. त्याचा रंग वर्षागणिक बदलतो, म्हणजे मुदत संपलेला विमा लांबूनच ओळखू येतो. जपानने जुलै २०२३ मध्ये अशाच वाहनांना लायसन्स माफ केलं, मात्र वय सोळा, नंबरप्लेट आणि विमा सक्तीचे ठेवले. चीनचं उदाहरण आपल्याला सगळ्यात जवळचं. तिथे २०१९ मध्ये लागू झालेल्या मानकात वेगाची मर्यादा आपल्यासारखीच २५ आणि वजनाची ५५ किलो होती, लायसन्स नाही. पण गाडीला नंबर आहे आणि चालवणाऱ्याला किमान सोळा वर्षांची अट आहे.

आपल्याला हेच करता येईल. विकताना दुकानातच गाडीला क्रमांक आणि वर्षाचा तृतीय पक्ष विम्याचा स्टिकर लागावा, आरटीओत खेटे न घालता. वय सोळा. हेल्मेट सक्तीचं. कंट्रोलरला सील असावं, आणि ते तोडून विकणाऱ्या दुकानदारावर कारवाई व्हावी, मुलावर नव्हे. पुण्यासारख्या शहरांत एके काळी साध्या सायकललाही नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. त्याने सायकली कमी झाल्या नव्हत्या.

आणि चालणारा

पॅरिसने १ सप्टेंबर २०२३ पासून भाड्याच्या ई-स्कूटर बंद केल्या. त्याआधीच्या एप्रिलमधल्या मतदानात मत देणाऱ्या ८९ टक्के लोकांनी तसा कौल दिला होता. तिथे चिडलेल्या नागरिकाची तक्रार होती की या गाड्या त्याच्या फुटपाथवर आल्या. आपल्याकडे ती तक्रार करायलाही आधी फुटपाथ लागेल. २००८ च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेडचे रस्ते रुंद झाले, पूल झाले. आज त्या रस्त्यांच्या कडा पाहाव्यात: दुकानाच्या पायऱ्या, उभ्या दुचाकी, पाट्या, डीपी. इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शक मानक किमान १.८ मीटर मोकळा फुटपाथ सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी राजसीकरन खटल्यात फुटपाथवरून सुरक्षित चालणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं स्पष्ट केलं आणि राज्यांना धोरण आखायला सांगितलं. राज्याच्या नव्या नियमांनुसार एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहरांत ई-बाईक टॅक्सी येणार आहेत, म्हणजे या दोन्ही शहरांतही. विजेच्या दुचाकी वाढणार हे नक्की.

नियम २(यू) बदलणं दिल्लीच्या हाती आहे आणि त्याला वेळ लागेल. पण लातूर आणि नांदेड-वाघाळा महापालिकांना वाट पाहायची गरज नाही. उद्योग भवन आणि श्यामनगरच्या गल्ल्यांत बॅच सुटण्याच्या अर्ध्या-अर्ध्या तासाला सगळ्या दुचाकी बाहेर अडवता येतात, त्यासाठी पोलिसांशी बोलून अधिसूचना काढावी लागते. क्लासचालकांना पार्किंग गल्लीबाहेर करायला लावता येतं. तिथल्या रस्त्याची एक कड, १.८ मीटर, दुकानांच्या पायऱ्या मागे घेऊन मोकळी करता येते. आणि सरकारी रुग्णालयांतल्या अपघात विभागांना एक रकाना वाढवायला सांगता येतो: धडक देणाऱ्या गाडीला नंबर होता की नव्हता.